बेसबॉलचा संघ खालून वर कसा धरायचा : यांकीज, त्यांच्या फार्म टीम आणि वाढदिवसांची वही

जुलैमधली संध्याकाळ. माझ्या दहा वर्षांच्या लेकीने एका पिचरसाठी (चेंडू टाकणाऱ्या खेळाडूसाठी) भलामोठा फलक रंगवला होता, कारण त्या दिवशी त्याचा वाढदिवस होता. न्यू जर्सीतल्या ब्रिजवॉटरच्या मैदानावर आम्ही तासभर आधी पोचलो आणि डगआउटजवळच्या, म्हणजे खेळाडू बसतात त्या जागेजवळच्या, कठड्याला टेकून उभ्या राहिलो. तिथल्या एका आजोबांनी फलक वाचला आणि हळूच सांगितलं, "हा मुलगा कालच स्क्रँटनला गेला. बढती मिळाली त्याला." आनंद मानावा की रडावं हे लेकीला कळेना. शेवटी ती रडलीच.

त्या रात्री घरी येऊन मी एक दोनशे पानी वही काढली. पुढे जे लिहिते आहे ते सगळं त्या वहीतून आलेलं आहे.

न्यू जर्सीत नव्याने आलेल्या बऱ्याच मराठी घरांत एकच तक्रार ऐकू येते. बेसबॉल कळत नाही, लांबतो, रटाळ वाटतो. क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला पहिली दोन वर्षं असंच होतं, मलाही झालं. नियम पाठ करून काही उपयोग झाला नाही. माणसं ओळखीची झाल्यावर मात्र खेळ आपोआप कळायला लागला. माणसं ओळखीची करून घ्यायचा सगळ्यात सोपा धागा म्हणजे त्यांची जन्मतारीख आणि सध्याचा मुक्काम. म्हणून हा लेख नियमांचा नाही. मी न्यूयॉर्कचे यांकीज धरले आहेत, कारण त्यांची एक फार्म टीम, म्हणजे मोठ्या संघासाठी खेळाडू तयार करणारी छोटी टीम, माझ्या घराजवळ आहे. तुमचा संघ वेगळा असला तरी पद्धत हीच.

काय काय लागेल

- एक जाडजूड वही, एक पेन आणि एक पेन्सिल (पेन्सिल का, ते पुढे येईल)
- फोनमधलं कॅलेंडर
- एमएलबीचं (मेजर लीग बेसबॉल, म्हणजे मोठे संघ) ॲप आणि मायनर लीगचं (फार्म टीमच्या सामन्यांचं) वेगळं ॲप. दोन्ही फुकट उतरवता येतात
- बेसबॉल-रेफरन्स हे संकेतस्थळ. खेळाडूचं पान उघडलं की जन्मतारीख, जन्मगाव, तो कोणत्या वर्षी कुठे खेळला, सगळं एका जागी मिळतं
- संघाच्या अधिकृत संकेतस्थळावरचं 'ट्रान्झॅक्शन्स' नावाचं पान. मी त्याला बदल्यांचं पान म्हणते
- धीर. हंगाम १६२ सामन्यांचा असतो, एक हरला म्हणून जेवण टाकू नका

१. संघ निवडताना आधी जवळचं छोटं मैदान बघा

बहुतेक जण उलटं करतात. आधी ब्राँक्सला, यांकीजच्या मोठ्या मैदानावर, जाऊन महागडं तिकीट काढतात, तिसऱ्या मजल्यावरून मुंग्यांएवढी माणसं बघतात आणि नऊपैकी सातव्या इनिंगला घड्याळाकडे बघत घरी येतात.

त्याऐवजी घरापासून अर्ध्यापाऊण तासावर कोणती मायनर लीग टीम आहे ते शोधा आणि ती ज्या मोठ्या संघाला जोडलेली असेल तो आपला माना. एडिसन, पिस्कॅटवे, ब्रिजवॉटर या पट्ट्यात राहणाऱ्यांसाठी सॉमरसेट पेट्रियट्स आहेत, म्हणजे यांकीज. किनाऱ्याकडे लेकवूडला जर्सी शोअर ब्लूक्लॉज आहेत, ते फिलाडेल्फिया फिलीजचे. ब्रुकलिनकडे राहणाऱ्यांना कोनी आयलंडला समुद्राला लागून सायक्लोन्स, ते न्यूयॉर्कच्याच दुसऱ्या मोठ्या संघाचे, मेट्सचे. बे एरियातल्या मंडळींना सॅन होजे जायंट्स, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को जायंट्सच्या शिडीची खालची पायरी.

मैदान जवळ असलं की वर्षातून आठ-दहा वेळा जाणं होतं, आणि ओळख जाण्यानेच होते.

२. शिडी समजून घ्या (इथे घाई करू नका)

क्रिकेटवाल्यांची पहिली चूक म्हणजे मायनर लीगला रणजी समजणं. मुंबईचा रणजी संघ मुंबईचा असतो, त्याला रणजी जिंकायची असते. फार्म टीमचं तसं नाही. ब्रिजवॉटरच्या मैदानावर तिकिटं, हॉटडॉग, शुभंकर, आतषबाजी हे सगळं स्थानिक मालकाचं. पण खेळाडू, मॅनेजर, कोच यांकीजचे; त्यांचा पगार यांकीज देतात आणि कोणी किती चेंडू टाकायचे हेही यांकीज ठरवतात. सरकारी खात्यासारखं समजा: नोकरी एकाच खात्यात, पोस्टिंग आज वाईला, उद्या मंत्रालयात.

यांकीजची शिडी खालून वर अशी आहे:

- डॉमिनिकन समर लीग : डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये, सोळा-सतरा वर्षांची परदेशी मुलं
- फ्लोरिडा कॉम्प्लेक्स लीग : टँपाला, सरावाच्या मैदानांवर
- सिंगल-ए : टँपा टार्पन्स
- हाय-ए : हडसन व्हॅली रेनेगेड्स, न्यूयॉर्क राज्यात
- डबल-ए : सॉमरसेट पेट्रियट्स, ब्रिजवॉटर
- ट्रिपल-ए : स्क्रँटन/विल्क्स-बॅरी रेलरायडर्स, मैदान पेनसिल्व्हेनियातल्या मूझिक गावात
- आणि वर ब्राँक्स

२०२१ मध्ये एमएलबीने सगळी मायनर लीग नव्याने बांधली. तेव्हापासून ३० मोठ्या संघांना प्रत्येकी चार, अशा १२० टीम पूर्ण हंगाम खेळतात. त्याआधी यांकीजची डबल-ए टीम न्यू जर्सीतच, पण ट्रेंटनला होती. यांकीजचा फलंदाज ॲरन जज २०१५ मध्ये तिथेच खेळला. जुन्या लेखांत, जुन्या कार्डांवर ट्रेंटन दिसलं तर गोंधळू नका. पेट्रियट्स तेव्हाही होते, पण १९९८ पासून ते एका स्वतंत्र लीगमध्ये खेळत, कोणाच्याही शिडीवर नव्हते. त्यांचा पहिला मॅनेजर मात्र स्पार्की लाइल, १९७७ मध्ये यांकीजकडून साय यंग पुरस्कार (वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा) जिंकलेला पिचर. संबंध असा आधीपासूनचा आहे.

डबल-ए ही पायरी मला सगळ्यात आवडते. खाली नुसती गुणी मुलं असतात. इथे आल्यावर कळतं कोणाचं नाणं खरं आहे. २०२५ चा हंगाम घ्या. कॅम श्लिटलर नावाचा चोवीस वर्षांचा पिचर एप्रिलमध्ये ब्रिजवॉटरला होता. जूनमध्ये स्क्रँटनला गेला, ९ जुलैला यांकीजकडून पहिला सामना खेळला आणि २ ऑक्टोबरला बॉस्टनच्या रेड सॉक्सविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्यात आठ इनिंग, १२ स्ट्राइकआउट (पिचरने स्वतः बाद केलेले फलंदाज), एकही रन नाही. तो मूळचा मॅसॅच्युसेट्सचा, म्हणजे रेड सॉक्सच्याच मुलखातला. एप्रिलमध्ये ज्यांनी त्याला दहा फुटांवरून बघितलं होतं त्यांना त्या रात्री झोप लागली नसेल.

या शिडीला पैशाचीही एक बाजू आहे. २०२५ मध्ये मोठ्या लीगमधला किमान पगार वर्षाला ७,६०,००० डॉलर होता. डबल-एचा किमान पगार २०२३ च्या करारात ३०,२५० डॉलर ठरला, आणि त्याआधी तर तो याच्या निम्म्याहूनही कमी होता. ब्रिजवॉटर ते ब्राँक्स हे अंतर गाडीने फार नाही. पगारात मात्र पंचवीस पट आहे. हे डोक्यात ठेवून सामना बघितलात की चौथ्या इनिंगमधला साधा ग्राउंड बॉलही (जमिनीवरून गेलेला फटका) रटाळ वाटत नाही.

३. वही उघडा

सहा रकाने आखा : नाव, जन्मतारीख, जन्मगाव, संघात कसा आला, सध्या कुठे, शेरा.

पहिले चार पेनने लिहा, ते बदलत नाहीत. 'सध्या कुठे' हा रकाना पेन्सिलने. तो हंगामात चार-पाच वेळा खोडावा लागतो. मी पहिल्या वर्षी सगळं पेनने लिहिलं आणि मे महिन्यापर्यंत वहीचा उकिरडा झाला.

एकदम शंभर नावं लिहू नका. बारा महिन्यांना बारा माणसं धरा, मग हळूहळू वाढवा. माझ्या वहीतली सुरुवातीची काही अशी होती : ७ फेब्रुवारी २००३, जॅसन डोमिंगेझ. २६ एप्रिल १९९२, ॲरन जज. दोनच दिवसांनी, २८ एप्रिल २००१, अँथनी व्होल्पी. हा आपल्या न्यू जर्सीत वाढला, मॉरिसटाउनच्या डेलबार्टन शाळेकडून खेळला, २०२२ मध्ये ब्रिजवॉटरला होता आणि २०२३ च्या पहिल्याच दिवशी यांकीजचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) झाला. १२ जुलै १९९९, कॅचर (आपल्या यष्टिरक्षकासारखा) ऑस्टिन वेल्स. ८ सप्टेंबर १९९०, गेरिट कोल. ८ नोव्हेंबर १९८९, जियानकार्लो स्टँटन. १० डिसेंबर १९९२, कार्लोस रोडॉन.

निवृत्त आणि दिवंगत खेळाडूंसाठी मागची पानं ठेवा. हे मला फार उशिरा सुचलं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सामने नसतात, बाहेर बर्फ असतं आणि चाहता घरात नुसता कुढत बसतो. या चार महिन्यांत वहीची मागची पानंच उपयोगी पडतात. २५ नोव्हेंबरला जो डिमॅजिओ (१९१४), २९ नोव्हेंबरला मारियानो रिव्हेरा (१९६९). त्याआधी ऑक्टोबरात २० तारखेला मिकी मँटल (१९३१) आणि लगेच २१ ला व्हाइटी फोर्ड (१९२८). हे दोघे जिगरी दोस्त होते, वाढदिवसही शेजारी शेजारी. डेरेक जीटर २६ जून १९७४ चा, जन्म न्यू जर्सीतल्या पेक्वानॉकचा. योगी बेरा १२ मे १९२५ चा. तो माँटक्लेअरला राहायचा आणि माँटक्लेअर स्टेट विद्यापीठाच्या आवारात त्याच्या नावाचं संग्रहालय आहे. त्या दिवसाच्या निमित्ताने मुलांना घेऊन जायला छान जागा आहे.

४. तारखांचे सापळे (मी यातल्या प्रत्येकात पडले आहे)

*महिना आधी, दिवस नंतर.* अमेरिकेत ६/७ म्हणजे ७ जून. आपण वाचतो ६ जुलै. यांकीजच्या बाबतीत हा घोळ फारच खोल आहे, कारण थर्मन मन्सन जन्मला ७ जून १९४७ रोजी आणि विली रँडॉल्फ ६ जुलै १९५४ रोजी. दोघेही यांकीजचे कप्तान होते! मी मन्सनची आठवण महिनाभर उशिरा काढली. उपाय एकच, महिना अक्षरांत लिहा. संगणकावर तक्ता करत असाल तर तिथेही, कारण तो तक्ता आपल्याला न विचारता दिवस-महिना उलटे करतो.

*२९ फेब्रुवारी.* कॅलेंडरात 'दरवर्षी' अशी आठवण लावली तर ती चार वर्षांतून एकदाच वाजते. १९५३ चा अमेरिकन लीगचा (मोठ्या लीगच्या दोन भागांपैकी एक) एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, अल रोझेन, जो पुढे यांकीजचा अध्यक्षही झाला, तो २९ फेब्रुवारी १९२४ चा. अशांची आठवण २८ ला लावा.

*एकाच नावाची दोन माणसं.* जन्मतारखेवरून ओळख पटते असं मी सगळ्यांना सांगायचे. मग मॅक्स मन्सी भेटला. मॅक्स मन्सी नावाचे दोन खेळाडू आहेत, दोघेही इनफिल्डर (बेसजवळचे क्षेत्ररक्षक), दोघांनाही ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) अ‍ॅथलेटिक्स संघानेच घेतलेलं, आणि दोघांचाही वाढदिवस २५ ऑगस्ट. एक १९९० चा, एक २००२ चा. म्हणून साल लिहायला विसरू नका. जर्सीच्या नंबरावर तर मुळीच विसंबू नका. पायरी बदलली की नंबरही बदलतो.

*जन्मतारीखच चुकीची.* हे ऐकून अमेरिकन मित्रांना नवल वाटतं, आपल्याला वाटायला नको. माझ्या बाबांचा वाढदिवस कागदोपत्री १ जून. त्यांच्या वर्गातल्या निम्म्या मुलांचा १ जून. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, गुरुजींनी मुलाकडे बघून वय ठरवलं आणि टाकली तारीख. खरा जन्म आजीच्या हिशोबाने 'पोळ्याच्या आदल्या दिवशी'. बाबा उन्हाळ्यात इथे आले की वही चाळतात. यांकीजच्या जुन्या काळच्या महान फलंदाजाचं, बेब रूथचं, पान त्यांना विशेष आवडतं. रूथ आयुष्याची चाळीशी जवळ येईपर्यंत आपला जन्म ७ फेब्रुवारी १८९४ चा मानत होता. १९३४ मध्ये जपानच्या दौऱ्यासाठी पासपोर्ट काढायची वेळ आली, जन्माचा दाखला मागवला, तर त्यावर ६ फेब्रुवारी १८९५! एक वर्षाने तरुण झाला बाबा. "म्हणजे आपल्यातलाच की," असं बाबा म्हणाले. रूथने पुढेही वाढदिवस ७ लाच साजरा केला.

उलटंही होतं, आणि ते निरागस नसतं. क्युबाहून आलेला पिचर ऑर्लँडो हर्नांडेझ यांकीजकडे आला तेव्हा साल १९६९ सांगितलं होतं, ते निघालं १९६५. कमी वय म्हणजे जास्त किंमत, हे त्यामागचं साधं गणित. २०१२ च्या जानेवारीत फाउस्टो कार्मोना नावाचा पिचर सँतो दोमिंगोत पकडला गेला. त्याचं खरं नाव रॉबेर्तो हर्नांडेझ निघालं आणि वय तीन वर्षांनी जास्त. जुन्या पुस्तकांतली आणि जुन्या कार्डांवरची तारीख वहीत उतरवण्याआधी एकदा ताडून बघायची, ती याचसाठी.

५. जन्मतारीख वाचायला शिका

वही आणि कॅलेंडर यांत इथून फरक पडतो. वाढदिवस नुसता केक कापायला नसतो. या खेळात त्यावर नोकऱ्या ठरतात.

पहिली गोष्ट, 'हंगामाचं वय'. आकडेवारीत खेळाडूचं वय ३० जूनच्या मध्यरात्री जितकं असेल तितकं धरतात. वेल्स १२ जुलैचा, म्हणून २०२५ च्या पूर्ण हंगामात तो पंचविशीचा लिहिला जातो, जरी जुलैत सव्विशी लागली तरी. कोणाचं वय एक वर्षाने चुकलेलं वाटलं तर आधी हे तपासा.

दुसरी गोष्ट, वय आणि पायरी एकत्र वाचा. डबल-एमध्ये तेवीस-चोवीस वर्षांची मुलं जास्त दिसतात. तिथे कोणी सत्तावीस वर्षांचा तडाखेबंद होमरन (आपल्या षटकारासारखा फटका) मारत असेल तर टाळ्या जरूर वाजवा, पण भुलू नका. वीस वर्षांचा मुलगा अडखळत असेल तर त्याच्यावर लक्ष ठेवा. डोमिंगेझ २०२३ मध्ये विसाव्या वर्षी ब्रिजवॉटरला होता. १ सप्टेंबरला यांकीजने त्याला ह्यूस्टनला उतरवलं आणि बॅटिंगच्या पहिल्याच वेळेला त्याने नावाजलेल्या पिचरला, जस्टिन व्हर्लँडरला, होमरन मारला. व्हर्लँडर २० फेब्रुवारी १९८३ चा. म्हणजे चाळीस वर्षांच्या माणसाला वीस वर्षांच्या पोराने.

तिसरी गोष्ट, परदेशी मुलांशी करार सोळा वर्षं पूर्ण झाल्यावरच होतो. हल्ली दरवर्षी १५ जानेवारीला हे दार उघडतं. डोमिंगेझचा करार २०१९ मध्ये झाला तेव्हा ती तारीख २ जुलै होती. तो सोळा वर्षांचा होता आणि यांकीजने ५१ लाख डॉलर मोजले. अकरावीत कोणत्या शाखेला जायचं हे ज्या वयात आपल्याकडे ठरत नाही, त्या वयात.

चौथी, 'रूल फाइव्ह'. करार करताना मुलगा अठरा किंवा त्याहून लहान असेल तर त्याला सांभाळायला संघाला पाच हंगाम मिळतात. एकोणीस किंवा मोठा असेल तर चार. तोवर त्याला मोठ्या संघाच्या चाळीस जणांच्या यादीत, म्हणजे 'फोर्टी-मॅन रोस्टर'वर घेतलं नाही, तर डिसेंबरच्या रूल फाइव्ह ड्राफ्टमध्ये दुसरा कोणताही संघ त्याला १,००,००० डॉलर देऊन उचलू शकतो. मात्र त्याला पुढचा पूर्ण हंगाम मोठ्या संघात ठेवावं लागतं. वहीच्या शेरा रकान्यात 'या वर्षी निर्णय' असं लिहून ठेवलंत तर नोव्हेंबरातला तो एक आठवडा निवडणुकीच्या निकालासारखा जातो.

६. बदल्यांचं पान रोज सकाळी बघा

चहाबरोबर दोन मिनिटं पुरतात. हे शब्द ओळखीचे करून घ्या.

'ऑप्शन्ड' म्हणजे चाळीसच्या यादीतला खेळाडू खाली पाठवला. यादीतलं नाव कायम. हे तीन हंगामांतच करता येतं आणि एका हंगामात जास्तीत जास्त पाच वेळा. 'रिकॉल्ड' म्हणजे परत वर. 'डीएफए' म्हणजे चाळीसच्या यादीतून नाव काढलं; सात दिवसांत त्याची अदलाबदल होते, दुसरा संघ उचलतो, किंवा तो खाली जातो नाहीतर सुटतो. हे वाचलं की पेन्सिलचा खोडरबर हातात घ्या. 'आयएल' म्हणजे दुखापत. फलंदाजांना किमान १० दिवस, पिचरना १५, मोठं दुखणं असेल तर ६०.

आणि नवख्यांनी लाल अक्षरात लिहावा असा शब्द म्हणजे 'रिहॅब असाइनमेंट'. दुखण्यातून उठलेला मोठा खेळाडू हात मोकळा करायला खालच्या टीमकडून खेळतो. २०२४ च्या जूनमध्ये यांकीजचा पिचर गेरिट कोल सॉमरसेटकडून उतरला. त्याच्या आदल्या हंगामात तो अमेरिकन लीगचा साय यंग विजेता होता! अशी बातमी एक-दोन दिवस आधी येते आणि तिकिटं तासाभरात संपतात. रोज सकाळी बघायचं ते यासाठी.

जुलैचा शेवट जवळ आला की जपून राहा. ट्रेड डेडलाइनला (संघांमधल्या अदलाबदलीच्या शेवटच्या दिवशी) आपण दोन वर्षं वाढदिवस लिहिलेली मुलं एका रात्रीत सिएटलला किंवा मायामीला जातात. मी त्यांची नावं काढत नाही, मागे 'सासरी गेलेले' असं एक पान केलं आहे. हुआन सोतो (२५ ऑक्टोबर १९९८) एक हंगाम यांकीजकडे राहून २०२४ च्या डिसेंबरात मेट्सकडे गेला, पंधरा वर्षांचे ७६ कोटी ५० लाख डॉलर घेऊन. त्याला त्या पानावर लिहिताना लेकीने शेरा मारला आहे, तो इथे छापण्यासारखा नाही.

७. मैदानावर जाताना

मायनर लीगचं वेळापत्रक सोपं आहे. मंगळवार ते रविवार एकाच पाहुण्या टीमशी सहा सामने, सोमवारी बहुधा सुट्टी. त्यामुळे मंगळवारी आवडलेला पाहुणा शनिवारीही दिसतो. पिचरचं मात्र तसं नाही; सुरुवातीचा पिचर आठवड्यातून साधारण एकदाच येतो. आपल्याला हवा तो कधी आहे ते 'प्रॉबेबल्स' या यादीत आदल्या दिवशी बघा.

ब्रिजवॉटरचं मैदान रॅरिटन व्हॅली लाइनच्या ब्रिजवॉटर स्टेशनला अगदी लागून आहे. परतीची गाडी मात्र आधीच बघून ठेवा, रात्री त्या फार नसतात. बालाजीच्या देवळात दर्शन घेऊन संध्याकाळी सामना, हा बेत गावातल्या गावात जमतो. फक्त देवळातून येताना प्रसादाची पिशवी गाडीत ठेवा, कारण बाहेरच्या खाण्याचे आणि बॅगेचे नियम प्रत्येक मैदानाचे वेगळे आणि बदलते असतात. आदल्या दिवशी वाचून घ्या.

स्वाक्षरीसाठी दारं उघडताच आत शिरा आणि डगआउटच्या कठड्याशी उभे राहा. नावाने हाक मारा, नंबराने नको. मुलांना पुढे करा. चेंडूवर बॉलपेनने सही घ्या, मार्करची शाई पसरते. आणि त्या दिवशी त्याचा वाढदिवस असेल तर नुसतं 'हॅपी बर्थडे' म्हणून बघा. घरापासून हजारो मैल दूर, तोडकंमोडकं इंग्रजी येणारा एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा कसा हसतो ते बघायला मिळेल. आपल्यातल्या पुष्कळांनी या देशातला पहिला वाढदिवस असाच कोणाच्या तरी एका वाक्यावर काढलेला असतो.

ब्राँक्सला जायचंच असेल तर गाडी नेऊ नका. न्यूयॉर्क पेन स्टेशनला उतरा, हेरल्ड स्क्वेअरपर्यंत चाला, तिथून डी ट्रेनने १६१ स्ट्रीट. बी ट्रेनही जाते, पण फक्त सोमवार ते शुक्रवार गर्दीच्या वेळेला.

८. घरून बघताना

एमएलबी टीव्हीची वर्गणी भरली तरी न्यू जर्सीत यांकीज आणि मेट्स थेट दिसणार नाहीत! घरचाच संघ झाकलेला असतो, याला ब्लॅकआउट म्हणतात. पैसे भरण्याआधी आपला पिनकोड टाकून कोणते संघ झाकले आहेत ते बघा. यांकीजसाठी येस नेटवर्क ही वाहिनी लागते. त्या वर्गणीत मायनर लीगचे सामने मात्र येतात, आणि मला विचाराल तर तेच वसूल.

भारतातल्या आजी-आजोबांना सामील करायचं असेल तर हिशोब सोपा आहे. हंगामभर इथली वेळ भारतापेक्षा साडेनऊ तास मागे असते. संध्याकाळी ७:०५ चा सामना म्हणजे तिकडे पहाटे ४:३५, काकड आरतीची वेळ. रविवारचा दुपारी १:३५ चा म्हणजे रात्री ११:०५.

९. शुभेच्छा पाठवायच्या तर

खेळाडूंच्या जन्मतारखा उघड असतात, घरचे पत्ते नव्हेत. ते शोधू नका. आईवडिलांच्या, मैत्रिणीच्या समाजमाध्यमांवर जाऊन लिहू नका. हल्ली सट्टा लावून हरलेले लोक या मुलांना नको नको ते लिहितात, त्यामुळे अनोळखी निरोपाला ते बिचकतात.

कार्ड पाठवायचं ते टीमच्या मैदानाच्या पत्त्यावर, खेळाडूचं पूर्ण नाव लिहून. सहीचं कार्ड परत हवं असेल तर आपला पत्ता आणि तिकीट लावलेला लिफाफा आत घाला. आठ-दहा दिवस आधी टाका. आणि पेटीत टाकण्यापूर्वी, त्याच दिवशी सकाळी, बदल्यांचं पान उघडून तो अजून तिथेच आहे ना ते बघा.